अरण्यातील पंचांग

आपण काळ घड्याळात व दिनदर्शिकेत पाहतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात तो झाडावर व आकाशात वाचीत आले आहेत. मोहाची फुले गळू लागली की फाल्गुन-चैत्राची संधी. तेंदूची पाने खुडण्याजोगी झाली की वैशाख. सप्तर्षींतील चार तारकांस गोंड लोक खाट म्हणतात व मागील तिघींस चोर, अशी नोंद मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. ही खाट ध्रुवाभोवती किती कलली, यावरून रात्र किती सरली ते ताडता येते.

परंतु भामरागडकडील माडियांचे ‘पंडुम’ याहून मोलाचे. पंडुम म्हणजे सण. ‘मरका पंडुम’, अर्थात आंब्याचा सण, होईपर्यंत नवा आंबा खावयाचा नाही, अशी रीत आहे. उन्हाळ्यात कणगी रिकामी होत आली तरी ती पाळावयाची! त्यायोगे फळास पिकावयास अवधी मिळतो आणि कोय रुजण्याजोगी होते. केव्हा घ्यावे आणि कोठवर थांबावे, हे सांगणारे असे हे पंचांग आहे. ते कागदावर छापलेले नाही. झाड तुटले की त्याचे एक पान गेलेच म्हणून समजावे.