लाल विमानाचा इनामदार

मंडळी, विषय कळवा म्हणून तुमच्या कार्यवाहांचा फोन आला, तेव्हा मी ‘मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन’ असं सांगितलं. पलीकडे शांतता. मग मी ‘रेड बॅरन’ म्हणालो, तर त्यांच्या मागून दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा आवाज आला, “बाबा, तो लाल विमानवाला!” बाप वीस वर्षं फ्रँकफुर्टजवळ राहतो आणि त्याला हे नाव ठाऊक नाही. मुलाला गेममुळे ठाऊक. आज मी बोलणार आहे ते या मुलाला झालेल्या त्याच्या ओळखीबद्दल.

आधी पदवीचं बघू. जर्मनीत त्याची पदवी ‘बॅरन’ नव्हती, तो ‘फ्रायहेर’. आपल्याकडचा इनामदार समजा. 1919च्या राज्यघटनेनं सरदारांचे विशेष हक्क काढून घेतले आणि पदव्या आडनावात जाऊन बसल्या. वतनं गेली, देशमुख आणि इनामदार उरले, तसंच. ‘बॅरन’ ही इंग्रजांची भर, आणि गंमत अशी की जगभर टिकलं ते शत्रूनं ठेवलेलं नाव.

माणूस कसा होता? पहिल्या महायुद्धातला जर्मन लढाऊ वैमानिक. जन्म 2 मे 1892, ब्रेसलाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. आधी घोडदळात. खंदकांच्या लढाईत घोड्याला काम उरलं नाही, तेव्हा विमानदलात आला. हवेत कोलांट्या मारणारा हा वैमानिक नव्हता. गुरू ओस्वाल्ड बोल्केची शिकवण तो काटेकोर पाळायचा: सूर्य पाठीशी घ्या, जवळ जा, मगच गोळी झाडा. असा हिशेबी शिकारी. पाडलेल्या विमानांसाठी तो बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचे छोटे पेले करून घ्यायचा. साठ झाले आणि युद्धामुळे चांदीच मिळेना. विमानं मात्र ऐंशी झाली. हे पेले मला तरी घशाखाली उतरत नाहीत. प्रत्येक पेल्यामागे बहुधा विशी-पंचविशीतला एखादा पोरगा असायचा.

आता इंटरनेटवर बघा. लाल, तीन पंखी फोकर विमान सगळीकडे. प्रत्यक्षात त्या तीन पंखी विमानातून त्यानं वीसच्या आसपास विमानं पाडली. बाकी बहुतेक दोन पंखी विमानांतून, मुख्यतः आल्बाट्रोसमधून. पण तीन पंख आणि लाल रंग कुठलंही मूल काढू शकतं, आणि लोकांच्या लक्षात राहतं ते चित्र. 1965मध्ये चार्ल्स शुल्झच्या व्यंगचित्रमालेतला स्नूपी कुत्रा आपल्या घरकुलाच्या छपरावर बसून रेड बॅरनशी लढायला लागला. त्या चित्रांत रेड बॅरन स्वतः दिसतच नाही, फक्त छपराला पडलेली भोकं दिसतात. माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेचं गुपित इथंच आहे. चेहरा रिकामा, मग ज्याला जे हवं ते त्यानं भरावं. 1990मध्ये त्याच्या नावाचा संगणकावरचा गेम आला. 2019मध्ये साबाटोन या स्वीडिश बँडनं त्याच्यावर गाणं केलं. अमेरिकेत गोठवलेला पिझ्झासुद्धा त्याच्या नावानं मिळतो! जर्मनीत 2008मध्ये त्याच्यावर मोठा खर्च करून चित्रपट काढला, तोही इंग्रजीत, आणि इथल्याच प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली.

21 एप्रिल 1918ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठी तो पडला. सव्विसावं वर्ष पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी. गोळी कुणाची? श्रेय कॅनडाच्या रॉय ब्राउन या वैमानिकाला दिलं गेलं. अभ्यासक आज बहुतेक जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन मशीनगनकडे बोट दाखवतात. बेर्तांगल गावात शत्रूनंच त्याला लष्करी इतमामानं मूठमाती दिली आणि फोटो काढले. ते फोटो आजही फिरतात. 1925मध्ये भाऊ बोल्कोनं अवशेष बर्लिनला आणले, 1975मध्ये ते वीसबाडेनच्या दक्षिण स्मशानभूमीत आले. म्हणजे तुमच्या फ्रँकफुर्टहून लोकल गाडीनं तासाभराच्या आत.

आता थोडं आपल्या माणसाबद्दल. रेड बॅरन पडला त्याच वर्षी, जूनच्या अखेरीस, त्याच सोमच्या परिसरात मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर पडले. केंब्रिजला शिकलेले, ब्रिटिश विमानदलात सॉपविथ डॉल्फिन उडवणारे. जर्मनांनी पुरताना नाव चुकीचं लिहिलं; युद्ध संपल्यावर शोधाशोध होऊन ओळख पटली. फ्रान्समध्ये हांगार गावच्या कबरस्तानात त्यांची कबर आहे. रेड बॅरन पडला ती जागा तिथून फार दूर नाही. त्यांच्यावर ना गेम, ना गाणं, ना पिझ्झा.

वडे गार होतायत, म्हणून थांबतो. एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुटीत पॅरिसला निघालात की अमियाँजवळ वाट थोडी वाकडी करा, आणि मघाच्या त्या मुलाला हांगारला घेऊन जा.