गाळ तपासा, कालवंही तपासा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितीन शेजारच्या चौल बंदरी आला, त्याचं स्मारक आमच्या रेवदंड्यात आहे. पाहुण्यांचं अगत्य इथे जुनंच. आज मात्र या परिषदेत शास्त्रज्ञांना गाऱ्हाणं ऐकवायला बोलावलं आहे.

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिका नदीत उतरतं. पुढे कोलाड, मग रोहा आणि धाटावची रासायनिक वसाहत. शेवटी नदीची खाडी होते ती आमच्या दारात. वरच्या अंगाला जे जे नदीत पडेल, त्याचा मुक्काम इथे.

सेंद्रिय घाण जिवाणू फस्त करतात. पारा, शिसं, कॅडमियम मात्र कुजत नाहीत, जळत नाहीत. गोडं पाणी खाऱ्यात मिसळलं की मातीचे बारीक कण एकमेकांना धरून तळाशी बसतात आणि त्यांना चिकटलेला धातूही खाली जातो. वरच्या पाण्याचा नमुना निर्दोष निघू शकतो. खरा हिशेब गाळात असतो आणि उधाणाने गाळ ढवळला की धातू पुन्हा वर येतो.

ओहोटीला आमच्या बायका खडकावर कालवं फोडायला बसतात. एकेक कालव पाणी गाळून जगतं, त्यामुळे पाण्यातल्यापेक्षा कैक पटींनी जास्त धातू त्याच्या मांसात साठू शकतो. जपानच्या मिनामातात कारखान्याचा पारा मासे-शिंपल्यांतून माणसांच्या मेंदूपर्यंत पोचला; तिथला आजार १९५६ साली उघड झाला. पाऱ्यावरचा त्याच नावाचा जागतिक करार २०१७ साली लागू झाला, भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. रेवदंड्याचं मिनामाता झालंय, असं मी मुळीच म्हणत नाही. अफवेने कोळणीच्या पाटीतली मासळी पडून राहिली, तर ते पापही आपल्याच माथी. म्हणूनच मोजमाप हवं. आणि आपण कोळ्यांनीही हात झटकू नयेत: होडीच्या बुडाला लावायच्या रंगात तांबं असतं, जुन्या बॅटरीत शिसं.

शास्त्रज्ञांना माझी एकच विनंती. पावसाळ्याआधी आणि नंतर, दरवर्षी, या खाडीतला गाळ आणि कालवं तपासा. आकडे सोप्या मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नमुने गोळा करायला होड्या आमच्या, माणसं आमची. परिषदेच्या ठरावांत एवढं जरूर घ्या.