गिळलेली चूक



आपल्या सेलूच्या कापसाच्या गाडीचेच बघा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत कपात, त्याच्या वर खरेदीच नाही. गाडी परत न्यावी लागली तरी शेतकऱ्याला कारण कळते, आकडा कळतो. कापसाला ऊन देऊन तो पुन्हा येतो. आपण डेटाबेसमध्ये लिहिलेल्या प्रोसिजरने नाकारलेल्या माणसाला एवढे तरी कळते का?

वीस वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेसाठी ओरॅकल डेटाबेसच्या पीएल-एसक्यूएलमध्ये व्याज जमा करण्याची प्रोसिजर लिहिली. रात्री ती मध्येच अडू नये म्हणून शेवटी 'व्हेन अदर्स देन नल' टाकले. म्हणजे काहीही बिघडो, तू गप्प राहा. ती कधीच अडली नाही. चार महिन्यांनी एक आजोबा पासबुक घेऊन आले. व्याजाची ओळच नव्हती. त्यांची जन्मतारीख भरलेली नव्हती, म्हणून ज्येष्ठ नागरिकाचा दर ठरत नव्हता. दर नाही म्हणून व्याज रिकामे, आणि रिकामे व्याज टेबल घेत नव्हते. ओरॅकल दर वेळी 'ओरा-०१४००' असे स्पष्ट सांगत होते. त्याचे तोंड मी दाबले होते. हे मला आजही बोचते.

पुढे ११जी आवृत्तीपासून ओरॅकलचा कंपायलर अशा ओळीवर इशारा देऊ शकतो. तो चालू मात्र आपणच करायचा असतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये प्रत्येक चुकीला पाच अक्षरी कोड असतो. तो प्रोग्रामरसाठी. काउंटरवरच्या माणसाला मराठीत वाक्य हवे: 'जन्मतारीख नाही, व्याजदर ठरला नाही', आणि सोबत खाते क्रमांक.

पण चूक पकडणारा नियमच नसेल तर? २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीची आठवण इथे अनेकांना असेल. ऑक्टोबरमधल्या याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे दिसला. आधारचा शेवटचा अंक व्हेरहॉफच्या पद्धतीने काढलेला पडताळणी अंक असतो; टायपिंगमध्ये एक अंक चुकला तर तो पकडतो. पण बरोबर असलेलाच क्रमांक शंभर ओळींवर आला तर ही पडताळणी काहीच बोलणार नाही. तिथे युनिक नियम लागतो. मग पोस्टग्रेस २३५०५ म्हणून थांबते. हा नियम शेतकऱ्याच्या टेबलवर हवा, कर्जखात्याच्या नव्हे, कारण एकाच शेतकऱ्याची दोन कर्जे असू शकतात. आणि एक जपा: त्या संदेशाच्या तपशिलात पोस्टग्रेस तो क्रमांकही छापते. तो जसाच्या तसा लॉगमध्ये पडू देऊ नका.

आपल्या चाचण्या बहुधा चांगल्याच ओळी भरतात. मुद्दाम वाईट ओळ भरा. पोस्टग्रेसच्या चाचण्यांसाठी असलेल्या पीजीटॅपमध्ये 'थ्रोज ओके' आहे: ठरलेला कोड आला तर पास, चूक आलीच नाही तर नापास. दोन नावे, एक आधार, अपेक्षित २३५०५. लिहायला पाच मिनिटे लागतात. आणि तपासणी फक्त प्रोग्रामरनेच करायची असे नाही. २०२० च्या शेतकरी कर्जमुक्तीत पहिली यादी ६८ गावांचीच निघाली आणि आधार प्रमाणीकरणाच्या वेळी रक्कम शेतकऱ्यालाच दाखवली गेली. मला ती पद्धत फार पटली. ज्याचे पैसे, त्याच्याच डोळ्यांसमोर तपासणी.

आजोबा गेल्यावर त्याच संध्याकाळी मी पहिली चाचणी लिहिली. एक खाते, जन्मतारीख रिकामी. बाकी सगळी प्रोसिजर नंतर दोनदा बदलली. ती चाचणी अजून रोज रात्री चालते.