मधुमेह असलेल्या घरातील तेलाचा डबा



घरात कोणाला मधुमेह निघाला की साखर बंद होते, चहा बिनसाखरेचा होतो. तेलाचा डबा मात्र पूर्वीच्याच वेगाने संपत राहतो. मी कृषिविद्येचा शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. परंतु तेल आपल्याच शेतातून येते, म्हणून त्याचा आणि मूत्रपिंडाचा संबंध आज आपणांसमोर मांडतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. साखर व रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेले राहिले तर या गाळण्या निकामी होऊ लागतात आणि लघवीवाटे प्रथिने जातात. मधुमेहात बहुधा रक्तातील चरबीही वाढते. मूत्रपिंडाच्या पेशी चरबी जाळूनच आपले काम चालवितात. पण जळण्यापेक्षा जास्त चरबी आली तर ती पेशींत साठते व त्यांना इजा करते. हे दुखत नाही, म्हणून कळत नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

तेव्हा पहिला मुद्दा तेलाच्या प्रमाणाचा. एक ग्रॅम तेलापासून ९ उष्मांक मिळतात, पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून अधिक. माणशी रोज २५ ग्रॅम तेल धरले तर पाच जणांच्या कुटुंबाला १५ किलोचा डबा चार महिने पुरला पाहिजे. तुमच्या घरी तो किती दिवस पुरतो? डबा फोडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.

दुसरा मुद्दा तेलाच्या प्रकाराचा. वनस्पती तूप व पामतेल यांत संपृक्त चरबी जास्त असते. त्यांचा वापर कमी करावा. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. करडई तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असते. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ स्निग्धाम्ल असते. जवस भाजून चटणी करावी. त्याचे तेल तळणासाठी वापरू नये. मात्र करडईचे तेल चांगले म्हणून ते सढळ हाताने ओतू नये. उष्मांक सर्व तेलांत सारखेच असतात.

पाच जणांच्या कुटुंबाची वर्षाची गरज सुमारे ४५ किलो होते. कोरडवाहू करडईचे हेक्टरी १० क्विंटल उत्पादन धरले तर २० गुंठ्यांत २ क्विंटल बी मिळते. घाण्यावर २५ टक्के उतारा पडला तरी ५० किलो तेल निघते. सप्टेंबरचा दुसरा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या काळात, जमिनीत ओल असताना, ४५ × २० सें.मी. अंतरावर पेरणी करावी.

एक सूचना महत्त्वाची आहे. तेल बदलणे म्हणजे औषध नव्हे. गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे, त्यांनी शेंगदाणे, खोबरे व जवस किती खावे हे डॉक्टरांना विचारावे. त्यांतील पोटॅशियम व फॉस्फरस अशा रुग्णांना बाधू शकतात.

माती परीक्षणाशिवाय खत देऊ नका, असे आम्ही सांगतो. तोच नियम शरीरालाही लावा. मधुमेह असलेल्याने वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. नुकसान वेळीच कळले तर ते थोपविता येते.