परवान्याच्या पलीकडची पात्रता
(हीरक महोत्सवी व्यवसाय मार्गदर्शन सत्रातील भाषण)



१० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. तेव्हा हे क्षेत्र मूठभर धनिकांचे होते. आज मध्यमवर्गीय घरांतील मुलेमुलीही त्याचे स्वप्न पाहतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हापासून या स्वप्नाला अधिकच बळ आले आहे. मात्र ही विमाने नियमित प्रवासी कंपन्यांची आहेत. खासगी जेटचे दार त्याच किल्लीने उघडत नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागते, तसेच प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळलेली असावी लागतात. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम अशा विषयांच्या परीक्षा वेगळ्याच. एवढे झाले की पालकांना वाटते, मुलगा मार्गी लागला. वास्तविक येथे केवळ उंबरठा ओलांडला जातो.

खासगी जेट चालवणाऱ्या संस्थेकडे बहुधा मोजकीच विमाने असतात. नवख्याला हाताशी धरून घडवण्याइतका तिचा व्याप नसतो. प्रत्येक जेटसाठी त्या प्रकाराचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, लागते आणि ते अतिशय खर्चीक असते. विमा कंपनीही अनुभवाचे तास विचारते. त्यामुळे कॅप्टनच्या जागेवर पुष्कळदा हवाई दलातून निवृत्त झालेले किंवा प्रवासी कंपन्यांत मुरलेले वैमानिक दिसतात. सहवैमानिकाच्या जागा निघतात. पण थोड्या, अनियमित आणि अनेकदा ओळखीपाळखीतून कळणाऱ्या.

हे निकष कठोर वाटतात, परंतु कामाचे स्वरूप पाहिले की त्यांचा अर्थ उलगडतो. प्रवासी कंपनीच्या वैमानिकामागे नियोजन कक्ष, ठरलेले वेळापत्रक आणि सुसज्ज विमानतळ उभे असतात. चार्टर वैमानिकाला आयत्या वेळी निरोप येतो. उतरायचे ठिकाण एखादी आखूड धावपट्टी असू शकते, जिथे यंत्रांच्या आधारे उतरण्याची सोय नसते. धुके दाटलेले असते आणि काही हातांवर बसलेल्या मालकाला सभेला पोहोचण्याची घाई असते. अशा वेळी ‘आज उतरता येणार नाही’ असे शांतपणे सांगणे ही वैमानिकाची खरी परीक्षा. मालकाच्या नाराजीचे, प्रसंगी नोकरीचेही, भय बाजूला ठेवण्याचे ते धैर्य २०० तासांत क्वचितच येते.

म्हणून पालकांनी काही गोष्टींचा क्रम चुकवू नये. कर्ज काढण्यापूर्वी, जमीन गहाण टाकण्यापूर्वी पाल्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. दृष्टीतील किंवा हृदयातील एखादा दोष नंतर उघड झाला, तर सारा खर्च व्यर्थ जातो. प्रशिक्षण संस्थेत विमाने किती चालू स्थितीत आहेत आणि २०० तास प्रत्यक्षात किती महिन्यांत पूर्ण होतात, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे. परवान्यानंतर नोकरीविना जाणाऱ्या काळाचीही तरतूद असावी. तोवर प्रशिक्षक म्हणून काम करून तास वाढवणे हा जुना आणि सन्मानाचा मार्ग आहे.

मराठी माध्यमाची भीती मात्र कोणी बाळगू नये. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर इंग्रजीच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी गाठावी लागते. ती सरावाने साधते. वाऱ्याचा वेग, इंधनाचा हिशेब आणि दिशेचा कोन यांमागील गणित ज्या भाषेत पक्के समजले, त्या भाषेने वाट कधीच अडवलेली नाही.

परवाना सरकार देते. विश्वास मात्र प्रत्येक उड्डाणागणिक मिळवावा लागतो. ज्या घरात मुलांना खरे बोलण्याची आणि वेळप्रसंगी ठामपणे नकार देण्याची मुभा असते, तेथे या पात्रतेचा पाया आधीच घातला गेलेला असतो.