पिठाचा डबा माळ्यावर



घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते. ब्युरोतून फोन येतो: वय किती, बारा तास की चोवीस, चालते आहेत की पडून. नव्वदीपुढचा पेशंट असला की मी आधी विचारते, भरवतं कोण? कारण घरची माणसं मायेनं मान मागे करून पाणी पाजतात, आणि ठसका लागतो. मान जरा पुढे हवी, चमचा अर्धाच भरलेला, पहिला घोट गिळल्याशिवाय दुसरा नाही. वाटीभर पेजेला पाऊण तास लागतो. लागू दे.

एक आजोबा होते, बँकेतून निवृत्त झालेले. बाईच्या हातून आंघोळ म्हटलं की कमरेचा पंचा दोन्ही मुठींत घट्ट. मग मी पाणी घालता घालता भाजीचा हिशेब सांगायला लागले. मेथी पंचवीस, टोमॅटो चाळीस, दुधी बत्तीस, झाले सत्त्याऐंशी. "सत्त्याण्णव!" आजोबा ओरडायचे, आणि बोटं मोजायला पंचा सुटायचा. तेवढ्यात त्यांची पाठ चोळून व्हायची.

पण सांगायचंय ते नारायण पेठेतल्या आजींबद्दल. वय त्र्याण्णव. जुना वाडा पाडून तिथंच इमारत झालेली, घर तिसऱ्या मजल्यावर. दिवसा शांत असायच्या. दिवेलागण झाली की माझं मनगट धरायच्या, "अगं, पाणी आलं. डबा वर ठेव."

पाणी म्हणजे पानशेतचं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, तेव्हा माझा जन्मही नव्हता. सुरुवातीला मी समजावायची, आजी, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत, पूर नाही. त्यावर त्या रडायच्या, एकदा चावल्यासुद्धा. त्यांच्या डोळ्यांपुढं पाणी चढतंय आणि मी पत्ता सांगतेय! चूक माझीच होती.

मग मी स्टूल घेतलं आणि पिठाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. "दागिने पण ठेवू का?" मी विचारलं.

"दागिने काय खायचेत? सकाळी पोरं उठतील, त्यांना भाकरी नको?"

त्यांची पोरं आता सत्तरीच्या आसपास. मी फक्त "हो" म्हटलं. आजींनी मनगट सोडलं आणि निवांत दूधभात खाल्ला. त्यानंतर रोजचंच झालं: संध्याकाळी डबा वर, सकाळी खाली. दिवे लवकर लावले तर कधी कधी पाणी येतही नसे.

श्रावणात आजी गेल्या, रात्री, झोपेतच. माझं तिथलं काम संपलं. तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, तरी मला मावशीच म्हणतात.

"मावशी, पिठाचा डबा कुठं ठेवलात हो? सगळं घर पालथं घातलं."

"माळ्यावर बघा, काकू," मी म्हटलं. "उतरवायचा राहिला."