'हॅम्लेट'मधली मुलं आणि त्यांची वडीलधारी माणसं



शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' म्हटलं की सूड आठवतो, भूत आठवतं, कवटी हातात घेऊन उभा असलेला राजपुत्र आठवतो. आज मला या नाटकातल्या मोठ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. इसवी सन १६०० च्या आसपास लिहिलेल्या या नाटकातली तरुण मुलं निर्णय घेताना दिसतात, पण त्यातला पुरता स्वतःचा निर्णय कुठला, हे शोधायला बसलं की हाती फार थोडं लागतं.

पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्या. डेन्मार्कमध्ये एल्सिनोरच्या राजवाड्यात नवा राजा क्लॉडियस दरबार भरवून बसला आहे. दोन तरुणांना परदेशी जायचंय. राजाचा मंत्री पोलोनियस, त्याचा मुलगा लेआर्टिस फ्रान्सला परत जायची परवानगी मागतो. राजा आधी विचारतो, वडील काय म्हणतात? पोलोनियस सांगतो, पोरानं पिच्छाच पुरवला, शेवटी मन मारून हो म्हटलं. लेआर्टिस सुटतो. दुसरा हॅम्लेट. त्याला विटेनबर्गच्या विद्यापीठात परत जायचंय. राजा नको म्हणतो, आई नको म्हणते, आणि आईच्या शब्दाखातर तो राहतो. भूत अजून त्याला भेटलेलंही नाही. पण एका मुलाचा जगण्याचा रस्ता वडीलधाऱ्यांच्या इच्छेनं वळलेला आपण पाहिला आहे.

त्याच रात्री मेलेला बाप समोर येतो. माझा खून क्लॉडियसनं केला, सूड घे, असं बजावतो. वर सांगतो, हे करताना मन विटाळू देऊ नकोस आणि आईच्या वाटेला जाऊ नकोस. आता आईचा नवा नवरा मारायचा, आईला धक्का लागू द्यायचा नाही आणि मन निर्मळ ठेवायचं, हे एका माणसाला जमावं कसं? हॅम्लेट वेळ का काढतो यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मला वाटतं, त्याच्यावर सोपवलेलं कामच असं आहे की ते धडपणे पार पडणं शक्य नव्हतं. आणि हा विद्यार्थी काय शपथ घेतो बघा. आजवर पुस्तकांतून जे जे टिपलं, ते सगळं मनातून पुसून टाकीन आणि तिथे फक्त तुमची आज्ञा ठेवीन, असं तो म्हणतो. शिकलेलं सगळं बापाच्या एका शब्दासाठी पुसायचं! निकोलस रो यानं १७०९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे की या भुताची भूमिका स्वतः शेक्सपिअर करायचा. त्याचा मुलगा हॅम्नेट १५९६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी गेला होता. त्या बापाच्या तोंडून मुलाला घातलेली साद प्रेक्षकांना कशी ऐकू आली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

याच नाटकात अगदी असाच वारसा घेऊन आलेला आणखी एक मुलगा आहे. नॉर्वेचा फोर्टिनब्रास. त्याच्या बापाला हॅम्लेटच्या बापानं द्वंद्वात मारलं आणि त्याचा मुलूख घेतला. तो मिळवायला पोरगा सैन्य जमवतो. त्याचा म्हातारा, अंथरुणाला खिळलेला काका नॉर्वेचा राजा आहे. त्याला खरी गोष्ट कळते तेव्हा तो पुतण्याला समोर बोलावतो, खडसावतो आणि डेन्मार्कवर शस्त्र उचलणार नाही असं वचन घेतो. पुढे पैसा देऊन, त्यानं जमवलेल्या त्याच सैन्यासह त्याला पोलंडकडे पाठवतो. नाटकाच्या शेवटी हाच मुलगा जिवंत उरतो. म्हणून काकाला थोर ठरवायचं कारण नाही. पोलंडमधली ती जमीन इतकी टाकाऊ आहे की कसायलाही कुणी घेणार नाही, आणि तिच्यापायी हजारो शिपाई मरायला निघालेत. पण सूडाला निघालेल्या आपल्या घरातल्या मुलाला तोंडावर नाही म्हणणारं एवढंच एक माणूस या नाटकात मला दिसतं.

पोलोनियसच्या घरात बोलणं भरपूर आहे. उपदेश तर इतका की लेआर्टिस गलबतावर चढायला निघालाय तरी संपत नाही. कपडे कसे घाल, उसने पैसे देऊ-घेऊ नकोस, आणि सरतेशेवटी, स्वतःशी प्रामाणिक राहा. हा उपदेश जगभर लोकांना पाठ आहे. त्यानंतर दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हाच बाप काय करतो, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. रेनाल्डो नावाच्या नोकराला तो पॅरिसला पाठवतो. बरोबर पैसे आणि पत्रं देतो, आणि सांगतो, तिथल्या लोकांत माझ्या मुलाबद्दल थोडं वाईट बोल. जुगार खेळतो म्हण, पितो म्हण, बाहेरख्याली आहे म्हण. मग ते काय सांगतात ते ऐक. मुलाच्या काळजीपोटीच हे चाललंय, यात मला शंका नाही. पण घरात विश्वास शिल्लक नसला की काळजीचं रूपांतर पाळतीत होतं, ते असं.

आणि ही पाळत सगळ्यात जड पडते ती मुलीला, ऑफेलियाला.

महाराष्ट्रात 'हॅम्लेट' जुनं आहे. गोपाळ गणेश आगरकरांचं 'विकारविलसित' हे त्याचं रूपांतर १८८३ मध्ये आलं, गणपतराव जोशींनी त्यातला नायक गाजवला. अलीकडे, २०१८ मध्ये, नाना जोगांच्या भाषांतरावरून चंद्रकांत कुलकर्णींनी ते पुन्हा रंगमंचावर आणलं. बोललं जातं ते राजपुत्राबद्दल. ऑफेलिया लक्षात राहते ती वेडाच्या भरात गाणारी, फुलं वाटणारी. ती तिथवर कशी पोचली, हे मला सांगायचंय.

आधी भाऊ बजावतो, हॅम्लेट राजपुत्र आहे, त्याचं लग्न त्याच्या हातात नाही, जपून राहा. मग बाप विचारतो, भाऊ काय म्हणाला? हॅम्लेटनं आपल्यावर प्रेम असल्याचं सांगितलं, एवढं ती बोलते. बाप तिची टर उडवतो आणि त्याच्याशी बोलायला बंदी घालतो. ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. काही दिवसांनी हॅम्लेट विस्कटलेल्या कपड्यांनी तिच्या खोलीत येतो, तिचं मनगट धरतो, एक शब्द न बोलता टक लावून बघत राहतो. घाबरून ती बापाकडेच धावते. बापाला कळतं की आपला अंदाज चुकला, या मुलाचं खरंच प्रेम होतं. ते तो कबूलही करतो. पण घातलेली बंदी उठवत नाही. तडक राजाकडे जातो आणि मुलीला आलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवतो.

मग तिसऱ्या अंकातला तो प्रसंग. ऑफेलियाच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक देऊन तिला दालनात फेऱ्या मारायला लावतात. बाप आणि राजा लपून ऐकतात. बोलता बोलता हॅम्लेट अचानक विचारतो, तुझे वडील कुठे आहेत? ती म्हणते, घरी. बापासाठी ती प्रियकराशी खोटं बोलते, आणि त्यानंतर हॅम्लेटच्या तोंडाला धरबंध राहत नाही. तो निघून जातो, ती उन्मळून पडलेली असते, आणि बाहेर आलेला बाप म्हणतो, तो काय म्हणाला ते सांगायची गरज नाही, आम्ही सगळं ऐकलं. एवढ्या आकांतानंतर मुलीशी त्याचं हे बोलणं. तिचं दुःखसुद्धा तिनं सांगण्याआधी त्यानं ऐकून संपवलेलं असतं.

पुढे पडद्याआड लपलेला पोलोनियस हॅम्लेटच्या हातून मरतो. बाप गेला, भाऊ परदेशी, आता काय करावं हे सांगणारं कुणी उरलं नाही. ऑफेलिया वेडी होते. या वेडातच ती पहिल्यांदा आपणहून राजाराणीपुढे येऊन उभी राहते आणि मनात येईल ते बोलते. लेआर्टिस परत येतो तेव्हा राजा त्याला डिवचतो, बापावर खरंच माया होती ना तुझी? तेवढ्यावर तो हॅम्लेटविरुद्ध विष लावलेली तलवार हातात घ्यायला तयार होतो. बापाच्या नावानं त्याच्याकडून काहीही करून घेता येतं, हे राजानं नेमकं हेरलेलं असतं.

ऑफेलिया त्या वेडातच मरते. तिच्या थडग्याशी हॅम्लेटची आई, राणी गर्ट्रूड, फुलं वाहताना म्हणते की तू माझ्या हॅम्लेटची बायको व्हावीस अशी माझी आशा होती. म्हणजे राजपुत्राचं आणि तिचं जमणंच शक्य नाही, हे ज्या गृहीतावर बापभावांनी तिला तोडलं, ते गृहीत त्यांनी कधी पडताळून पाहिलंच नव्हतं. खरं तर पाळतीच्या त्या प्रसंगाआधी, पोलोनियसच्या देखतच, राणी ऑफेलियाला म्हणाली होती की तुझ्या गुणांनी माझा मुलगा पूर्ववत व्हावा, त्यात तुम्हा दोघांची शोभा आहे. ऑफेलियानं उत्तर दिलं, असंच होवो. हॅम्लेटबद्दल तिनं मोकळेपणानं बोलून दाखवलेली ही इच्छा बापानं ऐकली. राणी आत गेली, आणि त्यानं मुलीला सांगितलं, तू इथे फेऱ्या मार, आणि हे पुस्तक वाचत राहा.